पिस्तुलाचा भाग मूळचा की बदललेला? नाशिकच्या ब्राउनिंगपासून वस्तू-साधनांच्या चिकित्सेकडे

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांच्यावर अनंत लक्ष्मण कान्हेरे या तरुणाने गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. एवढी माहिती बहुतेक विद्यार्थ्यांना असते. पण या प्रकरणात एक वस्तूही होती, आणि तिच्यावर पुढे बरेच अवलंबून होते. कान्हेरेच्या हातातले पिस्तूल ब्राउनिंग जातीचे होते.

सरकारी बाजूचे म्हणणे असे की, फेब्रुवारी १९०९ च्या सुमारास विनायक दामोदर सावरकर यांनी पॅरिसहून वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे मिळवली. लंडनच्या इंडिया हाउसमध्ये स्वयंपाकी म्हणून काम केलेला चतुर्भुज अमीन मुंबईला परत येत होता. त्याच्या सामानातल्या एका पेटीच्या दुहेरी तळात ती पिस्तुले दडवून पाठवण्यात आली आणि त्यांपैकीच एकाने जॅक्सनचा खून झाला. अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला. सावरकरांना २३ डिसेंबर १९१० रोजी कटाच्या खटल्यात जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झालीच होती. ३० जानेवारी १९११ रोजी खुनाला साहाय्य केल्याबद्दल दुसरी जन्मठेप झाली. एक जन्मठेप पंचवीस वर्षांची धरली, तर दोन मिळून पन्नास. ही दुसरी शिक्षा ज्या दुव्यावर उभी होती तो दुवा म्हणजे ‘हे पिस्तूल त्या पेटीतले’ हे विधान.

या टिपणात आपल्याला खटल्याचा न्यायनिवाडा पुन्हा करायचा नाही. प्रश्न वेगळा आहे. समजा, आज एखाद्या जिल्हा संग्रहालयात कुणी एक जुने ब्राउनिंग पिस्तूल घेऊन आले आणि म्हणाले, “हे त्या वीसांपैकी आहे. आमच्या पणजोबांकडे होते.” इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्याकडे कसे पाहावे? पहिला उद्गार बहुधा “हे खरे आहे का?” असा असतो. मला हा प्रश्न निरुपयोगी वाटतो, कारण तो एका वेळी चार गोष्टी विचारतो. हे पिस्तूल त्या कारखान्यात बनले की ती नक्कल आहे? ते त्या तारखेच्या आधी बनले की नंतर? त्याची नळी, स्लाइड, मुठीच्या पट्ट्या कारखान्यातून निघताना याच पिस्तुलाला होत्या की पुढे कधी बसवल्या? आणि घराण्यात सांगितली जाणारी हकीकत या वस्तूला केव्हा चिकटली? चारही प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून वेगळी असू शकतात. अस्सल कारखान्यातली नळी दुसऱ्याच पिस्तुलातून काढून इथे बसवलेली असू शकते. ती अस्सल आहे, पण या नगाची मूळची नाही.

आधी कारखान्याविषयी. बेल्जियममधील लीएज शहराजवळच्या हेर्स्ताल येथे १८८९ मध्ये फाब्रिक नासिओनाल हा कारखाना निघाला. त्याचा मूळ उद्देश बेल्जियन सैन्याला माउझर रायफली पुरवणे हा होता. अमेरिकेतील युटा प्रांतातला शस्त्रकल्पक जॉन ब्राउनिंग याच्याशी १८९७ मध्ये या कारखान्याचे जुळले, आणि १९०० या वर्षाच्या नावाने ओळखले जाणारे ७.६५ मिलिमीटरचे खिशात मावणारे स्वयंचलित पिस्तूल बाजारात आले. त्यानंतर १९०३ चे मोठे आणि १९०६ चे अगदी छोटे, ६.३५ मिलिमीटरचे पिस्तूल निघाले. १९१० चा नमुना त्यांच्या मागून आला. सात लाखांहून अधिक नग बनलेले १९०० चे पिस्तूल जगभर इतके पसरले की बऱ्याच भाषांत ‘ब्राउनिंग’ हा शब्दच पिस्तुलाला पर्याय झाला. नाशिकच्या घटनेच्या जेमतेम दोन महिने आधी, २६ ऑक्टोबर १९०९ रोजी, हार्बिन स्थानकावर आन जुंग-गुन या कोरियन तरुणाने जपानचे माजी पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्याही याच १९०० च्या पिस्तुलातून.

एवढ्या माहितीवर पहिली चाळणी लावता येते. पेटी फेब्रुवारी १९०९ च्या सुमारास निघाली असेल, तर तिच्यात १९१० चे पिस्तूल असणे अशक्य. हा फरक ओळखायला पिस्तूल उघडावे लागत नाही. १९०० च्या पिस्तुलात मागे ढकलणारी स्प्रिंग नळीच्या वर असते, त्यामुळे नळीचे तोंड खाली आणि तिच्यावर दुसऱ्या नळीसारखा एक गोल भाग दिसतो. १९०३ आणि १९०६ मध्ये स्प्रिंग नळीच्या खाली आहे. १९१० मध्ये ती नळीभोवतीच गुंडाळलेली असते आणि पुढच्या टोकाला खाचे असलेली गोल कडी असते. आणलेले पिस्तूल १९१० चे निघाले, तर पणजोबांविषयीचा आदर कायम ठेवूनही वीसांच्या यादीतून ते वगळावे लागते. इतिहासात ‘याच्या आधी नाही’ आणि ‘याच्या नंतर नाही’ अशा दोन सीमा आखण्याची पद्धत आहे. ताम्रपटाच्या अक्षरवळणावरून आपण जे करतो तेच इथे स्प्रिंगच्या जागेवरून करतो.

आता सुट्या भागांकडे वळू. ‘कारखान्याचा मूळ भाग’ ही कल्पनाच यंत्रयुगातली आहे. एकाच मापाचे हजारो भाग यंत्रावर कापायचे आणि कोणताही भाग कोणत्याही नगाला बसावा, हे एकोणिसाव्या शतकातल्या शस्त्र-कारखान्यांचे ध्येय होते. प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या आरंभीही शेवटची जुळणी कारागीर कानस घेऊन हातानेच करत. एकदा जुळवलेली नळी, स्लाइड आणि सांगाडा रंगकामासाठी वेगवेगळे होत आणि नंतर पुन्हा एकत्र यायला हवेत. म्हणून त्यांच्यावर एकच क्रमांक ठोकला जाई. म्हणजे आज संग्राहक ज्या ‘जुळत्या क्रमांकां’साठी जादा पैसे मोजतात, ते क्रमांक मुळात कारखान्यातल्या कामगाराची सोय होती. जर्मन लुगर पिस्तुलात ही पद्धत टोकाला गेली: सांगाड्यावर पूर्ण क्रमांक आणि बारीकसारीक भागांवरही त्याचे शेवटचे दोन आकडे. अशा पिस्तुलात एखाद्या भागावर वेगळे आकडे दिसले की तो बाहेरून आला हे लगेच कळते.

हेर्स्तालच्या पिस्तुलांत मुख्य भागांवरचा क्रमांक हा पहिला साक्षीदार. पण साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. क्रमांक जुळतो एवढ्यावर थांबू नये, तो कसा उमटला आहे ते पाहावे. ठशाच्या हातोडीने आकडा ठोकला की पोलाद बाजूला सरकते आणि आकड्याच्या कडेला किंचित उंचवटा येतो. पुढे कुणी तो पृष्ठभाग घासून पुन्हा रंगवला असेल, तर हा उंचवटा नाहीसा होतो, आकड्यांच्या कडा विरघळल्यासारख्या बोथट होतात आणि बारीक रेषा अर्धवट पुसल्या जातात. उलट रंगाच्या थरातून नवा आकडा ठोकलेला असेल, तर त्याच्या कडेला रंग फुटून उघडे पोलाद दिसते. काही कारखाने आपल्या खुणा रंगकामानंतरच ठोकत, त्यामुळे हे चिन्ह दिसले की लगेच ‘बनावट’ असा शेरा मारायचा नाही, त्या कारखान्याची रीत आधी पाहायची. आकड्यांचे वळणही तपासावे. एकाच कारखान्यातले ठसे एकाच घाटाचे असतात. तीन भागांवरच्या ‘४’ पैकी दोनांचे डोके बंद आणि एकाचे उघडे असेल, तर तो तिसरा भाग पुन्हा पाहावा. मोडी कागदांत एका कारकुनाचा हात दुसऱ्यापासून वेगळा काढण्याची सवय ज्यांना आहे त्यांना हे काम परके वाटणार नाही.

दुसरा साक्षीदार म्हणजे सरकारी चाचणीचे शिक्के. लीएजला शस्त्रचाचणीची एक जुनी संस्था आहे. तिथे प्रत्येक नगात जादा दारूचे काडतूस उडवून पाहत, आणि नळी टिकली तर शिक्का मारत. मुकुटाखाली लंबगोल आणि त्यात ‘ईएलजी’ ही रोमन अक्षरे, लीएजच्या चौकातल्या ‘पेरों’ नावाच्या स्तंभाची आकृती, धूररहित दारूच्या चाचणीसाठी सिंहाखाली ‘पीव्ही’, आणि तपासनिसाचे ताऱ्याखालचे अक्षर, असे हे शिक्के असतात. एखाद्या भागावर हे शिक्के मुळीच नसतील, किंवा दुसऱ्याच देशाचे असतील, तर तो भाग वेगळ्या वाटेने आलेला आहे. चीनमध्ये १९०० च्या ब्राउनिंगच्या पुष्कळ हातबनावटीच्या नकला झाल्या. त्यांवरचा मजकूर रोमन लिपी न जाणणाऱ्या कारागिराने पाहून कोरल्यामुळे उलटसुलट अक्षरे, अर्थहीन शब्द आणि भलत्याच जागी बसलेले शिक्के त्यांवर सापडतात. मजकूर वाचता न येणे हा तिथे नकलेचा सर्वांत सोपा पुरावा ठरतो.

तिसरा साक्षीदार झीज, आणि माझ्या मते हाच सर्वांत प्रामाणिक. क्रमांक ठोकता येतो, शिक्का कोरता येतो. पण शंभर वर्षांची झीज तीन वेगवेगळ्या भागांवर एकमेकींशी जुळेल अशी घडवणे फार अवघड असते. पिस्तूल चामड्याच्या म्यानात राहिले असेल, तर नळीच्या टोकाशी आणि स्लाइडच्या कडांवर रंग उडतो. हातात राहिले असेल, तर मुठीच्या मागच्या बाजूला. कोकणात किंवा मुंबईसारख्या दमट हवेत पेटीत पडून राहिले असेल, तर गंजाचे खड्डे पडतात, आणि असा डाग दोन भागांच्या सांध्यावरून सलग गेलेला दिसतो. डाग एका भागावर आहे आणि शेजारचा भाग सांध्याच्या रेषेपासून एकदम स्वच्छ आहे, असे दिसले तर त्या दोन भागांनी तो पावसाळा एकत्र काढलेला नाही. मुठीच्या पट्ट्यांखालचे पोलादही पाहण्यासारखे असते. जुन्या पट्टीची कडा जिथे टेकत होती तिथे एक रेषा उमटलेली असते, आणि नव्या पट्टीची कडा तिच्यावर तंतोतंत बसत नाही. अर्थात पट्टी काढणे हे विद्यार्थ्याचे काम नव्हे. ते संग्रहालयातल्या संवर्धकाने करायचे.

या पट्ट्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त बदललेला भाग हाच असतो. ब्राउनिंगच्या पट्ट्या कठीण रबराच्या, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या एबोनाइटच्या होत्या. १९०० च्या सुरुवातीच्या नगांवरील पट्ट्यांवर त्या पिस्तुलाचेच छोटे चित्र आणि ‘एफएन’ ही अक्षरे असत, नंतरच्या पट्ट्यांवर नुसती अक्षरे राहिली. एबोनाइट उजेडात वर्षानुवर्षे राहिले की काळ्याचे तपकिरी होते, आणि अंगठ्याने घासले तर गंधकाचा हलका वास येतो. आजच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या काळ्याभोर राहतात. बाहेर तपकिरी आणि स्क्रूच्या डोक्याखाली, जिथे ऊन पोचले नाही, तिथे काळी, अशी पट्टी मिळाली तर ती जुनी असण्याची शक्यता बरीच. तापलेली सुई टोचून वास घेण्याचा उपाय काही हौशी लोक सांगतात. तो करू नये, वस्तूला कायमचे भोक पडते.

पोलादाचा रंगही काळ सांगतो. जुन्या रीतीत पोलाद मुद्दाम गंजवून, उकळून, तारेच्या ब्रशने खरवडून हाच क्रम अनेकदा करत. त्यातून मऊ, खोल, निळसर काळा रंग येतो. तापलेल्या क्षारांच्या द्रावणात बुडवून झटपट रंग देण्याची रीत १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पसरली. तिची झळाळी वेगळी असते आणि काही पोलादांवर पुढे ती जांभळट दिसू लागते. १९०८ च्या पिस्तुलावर अशी झळाळी असेल, तर ते नंतर रंगवलेले आहे. निकेलच्या मुलाम्याबाबत जपून बोलावे. कारखान्यातूनही निकेल चढवलेली पिस्तुले निघत आणि बाजारातले कारागीरही मुलामा देत. अक्षरांच्या खोबणीत निकेल साचून ती उथळ झाली असतील, तर मुलामा नंतरचा असण्याकडे कल द्यावा.

इथे विद्यार्थी एक चूक हमखास करतात. बदललेला भाग दिसला की ते वस्तूवर ‘संशयास्पद’ असा शेरा मारून मोकळे होतात. पण शस्त्र हे वापरायचे हत्यार होते. स्प्रिंग थकते, काडतुसाच्या टोपीवर आपटणारा आघातखिळा झिजतो किंवा तुटतो, मॅगझिन हरवते. मॅगझिनवर पुष्कळदा क्रमांकच नसतो, त्यामुळे ते या पिस्तुलातून त्या पिस्तुलात सहज जाते. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हिंदुस्थानात परवान्याशिवाय शस्त्र ठेवणे गुन्हा होता. जे पिस्तूल लपवून ठेवलेले होते ते दुरुस्तीला बंदूकवाल्याच्या दुकानात उघडपणे नेता येत नव्हते. गावच्या लोहाराने कानशीने घासून बसवलेला आघातखिळा अशा पिस्तुलात सापडला, तर तो कारखान्याचा नाही म्हणून किंमत कमी होईल खरी, पण ती लिलावातली किंमत. इतिहासाच्या दृष्टीने त्या ओबडधोबड खिळ्यात कारखान्याच्या गुळगुळीत खिळ्यापेक्षा जास्त माहिती आहे. उलट मुंबईच्या एखाद्या इंग्रजी दुकानाचे नाव कोरलेला नग हा परवान्याच्या, उघड व्यापाराच्या जगातला, आणि त्याची नोंद त्या बाजूला शोधावी लागते. बदल केव्हा झाला, कुणी केला आणि का केला, हे विचारले की बदललेला भागही साधन होतो.

एखाद्या पिस्तुलाची ओळख क्रमांकावर कशी टिकून राहते याचे जगप्रसिद्ध उदाहरण व्हिएन्नामध्ये आहे. २८ जून १९१४ रोजी सारायेव्होत गाव्रीलो प्रिन्सिप याने आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांडची हत्या केली. पुढे अनेक पुस्तकांत हे पिस्तूल वेगळ्याच नमुन्याचे आणि वेगळ्याच कॅलिबरचे म्हणून छापले गेले, कारण ‘ब्राउनिंग’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे भलतेच पिस्तूल येई. खुनानंतर ती शस्त्रे अन्तोन पुंटिगाम या जेझुइट पाद्र्याकडे गेली. जेझुइटांनी २००४ मध्ये ती व्हिएन्नाच्या लष्करी इतिहास संग्रहालयाला दिली. तिथले प्रिन्सिपच्या नावाचे पिस्तूल १९१० च्या नमुन्याचे, क्रमांक १९०७४. मधली नव्वद वर्षे कथा बदलत राहिली, पोलादावरचे पाच आकडे बदलले नाहीत.

आपल्याकडे याच जातीचा प्रश्न ३० जानेवारी १९४८ च्या पिस्तुलाबाबत येतो. नथुराम गोडसेने गांधीजींची हत्या केली ते पिस्तूल इटलीच्या बेरेटा कंपनीचे होते. ते ग्वाल्हेरमध्ये मिळवलेले होते आणि त्याचा क्रमांक ६०६८२४. लोकप्रिय लिखाणात ते ‘१९३४ साली बनलेले’ असे सर्रास छापले जाते. हा गोंधळ कुठून येतो ते बेरेटाच्या स्लाइडवरचा मजकूर वाचला की कळते. तिथे ‘नमुना १९३४’ अशा अर्थाची अक्षरे असतात, ते पिस्तुलाच्या जातीचे नाव आहे. बनावटीचे वर्ष त्याच ओळीत पुढे वेगळे ठोकलेले असते आणि त्याला जोडून रोमन आकड्यांत फॅसिस्ट शकाचे वर्ष येते. हा शक ऑक्टोबर १९२२ पासून मोजला जाई, म्हणजे १९३७ च्या बहुतेक महिन्यांना पंधरावे वर्ष लागू होते. जातीचे नाव जन्मवर्ष म्हणून वाचणे ही शिलालेखातला राज्यवर्षाचा आकडा शकवर्ष म्हणून वाचण्यासारखी चूक आहे. ब्राउनिंगच्या ‘१९००’ बाबतही हेच लक्षात ठेवावे. त्या नावाची पिस्तुले नंतरही दहा वर्षे बनत होती.

१९०९ आणि १९४८ या दोन तारखांमध्ये आणखी एक गोष्ट घडली. नळीतल्या चऱ्यांचे ओरखडे गोळीवर उमटतात, आघातखिळ्याची खूण काडतुसाच्या टोपीवर राहते आणि काडतूस बाहेर ओढणारा आकडा त्याच्या कडेवर ओरखडा पाडतो. दोन गोळ्या एकाच वेळी शेजारी-शेजारी पाहता येतील असा जोड-सूक्ष्मदर्शक १९२० च्या दशकात अमेरिकेत वापरात आला. नाशिकच्या खटल्याच्या वेळी हे साधन नव्हते. पिस्तूल आणि पेटी यांना जोडणारा दुवा मुख्यतः माणसांच्या तोंडचा होता, आणि त्यातला महत्त्वाचा माणूस माफीचा साक्षीदार होता. या नव्या साधनानंतर ‘नळी मूळची की बदललेली’ हा प्रश्न संग्राहकाच्या हौसेचा राहिला नाही. गुन्ह्यानंतर नळी बदलली गेली असेल, तर जुनी गोळी तिच्याशी जुळणारच नाही, आणि निरपराध पिस्तुलाला गुन्हेगाराची नळी लावली, तर ते गुन्हेगार ठरेल.

कारखान्यापूर्वीच्या शस्त्रांकडे हीच मोजपट्टी घेऊन गेलो तर मात्र फसगत होते. मराठी फौजेत बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचे आणी. शिलेदार या शब्दातला ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र, आणि शस्त्रागाराला आपल्या जुन्या कागदांत शिलेखाना म्हणतात. जयपूरच्या सिटी पॅलेसमधला प्रसिद्ध ‘सिलेहखाना’ म्हणजे तोच शब्द. तिथल्या दालनात फिरताना एका पट्टीत बसणारे काहीच दिसत नाही, प्रत्येक हत्याराची जुळणी निराळी. शिलेदाराची फिरंग तलवार घ्या: पाते युरोपातून आलेले, मूठ इथल्या कारागिराने बसवलेली, आत गादी घातलेली, परज इथल्या पद्धतीची. कोल्हापूर दरबाराने १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिलेली, शिवाजी महाराजांची म्हणून सांगितली जाणारी तलवारही युरोपीय पाते आणि हिंदुस्थानी मूठ अशीच आहे. पात्याची मूळ मूठ कुठे, असे विचारणे इथे गैरलागू आहे. ती तलवार इथल्या मुठीसह ‘झाली’. पात्याचा जन्म एक, तलवारीचा दुसरा.

बंदुकांत याहून गुंतागुंत आहे. तोड्याच्या बंदुकीला वातीने बत्ती देत, चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी पडे, आणि १८३० नंतर टोपीची बंदूक आली. जुनी चकमकीची पिस्तुले फेकून न देता त्यांचा खटका बदलून टोपीची केली गेली. अशा पिस्तुलाच्या खटक्याच्या पट्टीवर जुन्या दारूच्या वाटीची आणि स्प्रिंगची बुजवलेली भोके दिसतात. गंमत पुढेच आहे. विसाव्या शतकात चकमकीच्या पिस्तुलाला जास्त भाव येऊ लागला, तेव्हा व्यापाऱ्यांनी तीच भोके उघडून, नवी वाटी आणि नवा घोडा बसवून पिस्तूल पुन्हा चकमकीचे केले. आता मूळचे कोणते म्हणायचे? १८४० चा बदल हा त्या पिस्तुलाच्या आयुष्याचा भाग होता. १९७० चा बदल तो भाग पुसून टाकणारा आहे. जयपूरसारख्या पर्यटनाच्या शहरात नव्यानेच बनवून जुने दिसेल असे केलेले पिस्तूलही मिळते. ते निदान कुणाचा इतिहास खोडत नाही.

घराण्याची हकीकत हा चौथा प्रश्न राहिला. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली. ती वाघनखे साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या जेम्स ग्रँट डफकडे गेली आणि अफझलखानाच्या वधाशी त्यांचे नाते आहे, हे सांगणारा मजकूर ती ज्या पेटीत आहेत त्या पेटीवर आहे. ही तीच वाघनखे आहेत हे पडताळता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. म्हणजे पोलाद एक साधन आणि पेटीवरचा मजकूर दुसरे साधन. पोलाद सतराव्या शतकाचे ठरले तरी त्यामुळे एकोणिसाव्या शतकातला मजकूर आपोआप सिद्ध होत नाही. आपल्या ब्राउनिंगचेही तसेच. सर्व भाग जुळले, शिक्के लीएजचे निघाले, नमुना १९०९ पूर्वीचा ठरला, तरी सिद्ध एवढेच होते की हे पिस्तूल त्या पेटीत असू शकले असते. तसे तर त्या नमुन्यांची लाखो पिस्तुले असू शकली असती. ‘होते’ असे म्हणायला क्रमांक लिहिलेला समकालीन कागद हवा: पोलिसांची जप्तीची नोंद, न्यायालयातल्या वस्तूंची यादी, दुकानाची विक्रीवही. अमेरिकेतली कोल्ट कंपनी जुन्या क्रमांकावरून ‘हा नग अमुक दिवशी, अमुक रंगात, अमुक व्यापाऱ्याला पाठवला’ असे पत्र संग्राहकांना देते, आणि तेवढ्या एका कागदाने पिस्तुलाची किंमत बदलते ती याचसाठी.

कायद्याची एक बाब या विषयाशी थेट जोडलेली आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानुसार बंदुकीवरचे निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण खोडणे, काढणे, बदलणे किंवा खोटी उमटवणे हा गुन्हा आहे, आणि अशी खूण नसलेले शस्त्र विकताही येत नाही. घरात जुने पिस्तूल सापडले तर ते घासून-पुसून चकचकीत करू नये. कायदा आणि इतिहास दोघांनाही हवा असलेला पुरावा नेमका त्या गंजाखाली असतो. आधी परवान्याचा प्रश्न पोलिसांकडे न्यावा, अभ्यास त्यानंतर.

शेवटी, वर्गात करण्याजोगे काम. संग्रहालयाच्या नोंदवहीत ‘स्वातंत्र्यसैनिकाचे पिस्तूल, इ.स. १९०९’ अशी एक ओळ लिहिण्याऐवजी प्रत्येक भागाला स्वतंत्र ओळ द्यावी. आपल्या काल्पनिक पिस्तुलाची नोंद अशी होईल: ‘सांगाडा आणि स्लाइड: क्रमांक जुळतात, आकड्यांचे वळण एक, लीएजचे शिक्के स्पष्ट, दोन्हींवर सलग गंजाचा डाग. नळी: क्रमांक वेगळा, शिक्के लीएजचेच, त्याच कारखान्याच्या दुसऱ्या नगातली, डाग सांध्यापाशी तुटतो. मुठीच्या पट्ट्या: डावी एबोनाइटची, तपकिरी, उजवी लाकडाची, हाताने कोरलेली, स्थानिक काम. आघातखिळा: पाहिलेला नाही, पिस्तूल उघडलेले नाही. मॅगझिन: क्रमांक नाही. देणाऱ्याने सांगितलेली हकीकत: नाशिकच्या वीस पिस्तुलांपैकी एक, आधार तोंडी, कागद नाही, हकीकत नोंदवल्याची तारीख सोबत.’ यातली लाकडी पट्टी कुणी कोरली असेल, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांसाठी मोकळा ठेवतो.